आठव्या प्रकारावरची दुसरी सही

४ फेब्रुवारी, मंगळवार

“तुझी नजर माझ्यापेक्षा बरी आहे, पण हे आईला सांगू नकोस.”

बाबा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मागच्या खोलीत, त्यांच्या कामाच्या टेबलापाशी, स्टुलावर उभी. त्या खोलीत जायला आईने मला बंदी केली होती, कारण तिथे हातोड्या होत्या, ॲसिडच्या बाटल्या होत्या आणि माझ्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. त्या दुपारी आई झोपली होती. बाबांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, सरळ आहे का बघ. मी म्हटलं, जरा डावीकडे. मग हे वाक्य. मग बक्षीस म्हणून माझ्या पत्र्याच्या कंपासपेटीवर माझा हजेरी क्रमांक इंग्रजी आकड्यांत ठोकून दिला. २७.

त्यानंतर सदतीस वर्षांत बाबांनी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही. म्हणून ते वाक्य मी जपून वापरते. फार वाईट दिवस असला तरच बाहेर काढते.

आज चहा पिता पिता बाबा म्हणाले, “उरलेली कार्डं तू तपास. माझं आता संपलं.”

त्यांना समोरचं नेमकं दिसत नाही. कडेचं दिसतं. घड्याळात किती वाजले ते बघायला ते शेजारच्या कॅलेंडरकडे बघतात. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. मी हो म्हटलं. छापखान्यातून महिनाभराची रजा काढलीय. मुद्रितं तपासणाऱ्या बाईशिवाय छापखाना महिनाभर चालेल का, असं मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, चुका होतील, पण चालेल. हे ऐकून बरं वाटलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुढे कधी ही वही माझी मलाच परकी वाटली तर कळावं म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

बाबा शस्त्रसंग्रहालयात एकतीस वर्षं कारागीर होते. त्याआधी घरीच जुन्या बंदुकांची दुरुस्ती करायचे. संग्रहालयात सैन्याच्या कंत्राटाची त्रेसष्ट रिव्हॉल्व्हरं आहेत, सगळी शंभर वर्षांपलीकडची. एकाही घोड्याला आता गोळी ठाऊक नाही. परक्या माणसाला ती सगळी सारखी दिसतील. पण कारखान्याने ती दोन कंत्राटांत बनवली आणि बनवता बनवता बारीकसारीक बदल केले. कुठे बाजूच्या पट्टीला तीनऐवजी दोन स्क्रू, कुठे मुठीखाली दोरीची कडी, कुठे नळीवर नेम धरायच्या खुंटीचं टोक गोल, कुठे चपटं. हे बदल कुठल्या क्रमाने झाले, एकूण प्रकार किती, हे शोधण्यात बाबांचं आयुष्य गेलं. प्रकार आठ. त्याचंच पुस्तक निघतंय. अठ्ठावीस तारखेला छपाईला जायचंय.

प्रत्येक रिव्हॉल्व्हरचं एक कार्ड. कार्डाखाली दोन सह्या: ज्याने पाहिलं त्याची, आणि ज्याने पुन्हा पाहिलं त्याची. हा नियम बाबांनीच घातला होता. एकट्या माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं, म्हणून. दुसरी सही कायम कानसकाकांची. काका बाबांचे जोडीदार, संग्रहालयातले दुसरे कारागीर. कानशीने वाट्टेल ते घासून बसवायचे म्हणून ते नाव पडलं. जीभही तशीच, म्हणून टिकलं. सोळा वर्षांपूर्वी त्यांचं आणि बाबांचं बिनसलं आणि काकांनी नोकरी सोडली. आई म्हणाली होती, डोळ्यांवरून भांडले. बाबांना तेव्हा जाड चष्मा नुकता लागला होता आणि काका काहीतरी लागेल असं बोलले असणार. बोलायचेच.

आज संग्रहालयात बसून बारा कार्डं झाली. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, मी वाचते, ते हातानेच बघतात. अंगठा नळीवरून फिरवला की म्हणतात, “हं, हा तिसरा. ह्याला मी ओळखतो. ह्याच्या कडीत जरा लंगडेपणा आहे.” शाळेतल्या जुन्या मुलांबद्दल बोलावं तसं.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकतीस झाली. दोन कार्डांत माझ्यामुळे चूक सुधारली. एकात स्क्रू उजवीकडे लिहिले होते, ते डावीकडे. दुसऱ्यात चार मिलिमीटरचे चौदा झाले होते. बाबा म्हणाले, “बरं झालं.” एवढंच. मी उगाच कौतुकाची वाट बघत त्यांचा डबा उघडून दिला.

आठव्या प्रकाराचं एकच रिव्हॉल्व्हर आहे. ते मी आज मागितलं, तर म्हणाले, “ते शेवटी.”

“का?”

“शेवटी म्हटलं ना. आणि दुपारच्या उजेडात. दिव्याखाली नाही.”

त्यांचा तो लाडका. जेवताना चांगला घास शेवटी ठेवतात, तसंच असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संचालक बाईंनी मुखपृष्ठ दाखवलं. काळ्यावर आठवा, एकटाच, तिरपा. बाई उत्साही आहेत, आमच्या खोलीत येताना बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालतात, जणू आत कोणी आजारी आहे. बाबांना म्हणाल्या, “सर, आठव्यासाठीच लोक पुस्तक घेणार. बाकीचे सात तर सगळ्यांना माहीत आहेत.”

बाबा त्यांच्या कानाकडे बघत म्हणाले, “हो ना.”

आठव्याची गोष्ट अशी. पहिल्या कंत्राटाच्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं फिरतं चक्र आखूड असतं. आमच्या घरात त्याला चक्री म्हणतात. दुसऱ्या कंत्राटात चक्री लांब झाली, खाचाही बदलल्या. आठव्याचा सांगाडा पहिल्या कंत्राटाचा आहे आणि चक्री दुसऱ्याची. कोणीही म्हणेल, मागाहून चक्री बदललेली असणार. पण सांगाड्यावर आणि चक्रीवर नंबर एकच आहे, ५१७३. नंबर जुळतो म्हणजे दोन्ही कारखान्यातच एकत्र बसले. म्हणजे मधल्या काळात कारखान्याने उरलेले जुने सांगाडे नव्या चक्र्या लावून संपवले. सोळा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वारसांनी एक पेटी संग्रहालयाला दिली, तिच्यात हे निघालं. बाबांनी त्यावर लेख लिहिला आणि ज्यांना आम्ही कधी बघणार नाही अशा लोकांची कुठून कुठून पत्रं आली. ती आईने एका खोक्यात ठेवली. आईच्या मागे मी ठेवलीत.

सगळं त्या एका नंबरावर उभं आहे.

संध्याकाळी बाबा: “आठव्याचं कधी?” शेवटी ठेवायचं म्हणतात आणि विचारतातही रोज. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखा अधीर होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी निघताना बाबा म्हणाले, “टाचण्या, खडू, भिंग सगळं पर्समध्ये विस्कटतं तुझं. तुझी ती जुनी कंपासपेटी घे ना.”

“ती आहे अजून?”

“वरच्या फळीवर. डाव्या हाताला. खोक्याच्या मागे.”

होतीच. झाकणाचा हिरवा रंग उडालाय, आत अजून शिसपेन्सिलीचा वास. मी एकदम नऊ वर्षांची झाले. बाबांना किती बारीक आठवतं!

दुपारी दोनला आठव्याला हात लावला. हातमोजे घालून चक्री काढली, खिडकीखाली पांढऱ्या कापडावर ठेवली, शेजारी पेटी उघडून भिंग घेतलं. पेटी बंद केली. भिंगातून नंबर बघितला.

छापखान्यात मी कामाला लागले तेव्हा भित्तिपत्रकांसाठी जुने लाकडी टाइप वापरत. एखाद्या अक्षराचा टवका उडालेला असला की ते अक्षर जिथे जिथे येई तिथे तिथे तो टवका येई. तो डोळ्याला लागला की सुटत नाही. चक्रीवरच्या सातच्या पायाचा टवका उडालाय. खाली, डावीकडे, उंदराने कुरतडावं तेवढा. सांगाड्यावरच्या सातचा पाय धड आहे.

आणि भिंग उचलताना ते पेटीच्या झाकणावरून गेलं. २७. सातचा पाय, खाली, डावीकडे.

मी भिंग खाली ठेवलं. बाबा खुर्चीत मान टाकून बसले होते, डोळे मिटून.

“झालं का गं?”

“नाही अजून. उजेड कमी पडतोय.”

लख्ख ऊन होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्याचा पंच, म्हणजे आकडा ठोकायचा पोलादी ठसा, तोही तुटका असू शकतो. एकाच जागी. असू शकतो की नाही?

दुसऱ्या कंत्राटाची, नंबरात सात असलेली अकरा रिव्हॉल्व्हरं बघितली. अकराच्या अकरा सात धड पायांवर उभे.

परत पेटी बघितली. मग चक्री. मग पेटी. टवका एक, खोली एक, टोकाला किंचित उजवीकडे वळलेला, तोही एक.

म्हणजे चक्रीवरचा नंबर आमच्या मागच्या खोलीतल्या पंचाने ठोकलेला आहे. म्हणजे कोणीतरी कधीतरी चक्री बदलली, कोरीवर नंबर जुळवून ठोकला. म्हणजे ही दुरुस्ती आहे. आठवा प्रकार नाही. आठवा प्रकार कधी नव्हताच.

बाबा: “आठव्याचं काय?”

“बघतेय.”

“बघ, बघ. घाई नाही.” आणि मग, माझ्या कानाकडे बघत, “नीट बघ.”

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकटीला फोनवर सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने ऐकलं आणि तिचं सुरू झालं.

“ताई, ऐक. हे पुस्तक कोण वाचणार आहे? जगात तुझ्या बाबांसारखे सात जण असतील.”

“तुझे पण बाबा आहेत ते.”

“ते सात जण त्या सातच्या पायाकडे बघणार आहेत का भिंग घेऊन?”

“तेच बघणार आहेत गं! त्यांना दुसरं काय काम आहे?”

“मग बघू देत. बाबा जाईपर्यंत कोणी बघितलं नाही म्हणजे झालं.” मग तिचा आवाज उतरला. “त्यांचं ते एकच आहे, ताई. नजर गेली, आई गेली. आता आठवा पण तूच काढून घेणार का?”

मी म्हटलं, मी काही काढून घेत नाहीये. फोन ठेवल्यावर वाटलं, घेतेच आहे की.

एक विचार असा: गप्प बसावं. कार्ड आहे तसं ठेवावं. दुसरा विचार असा: पुस्तक निघेल, तिकडे लांब कोणीतरी फोटो मोठा करून बघेल आणि लिहील की ह्या गृहस्थांनी तुटक्या पंचाचा ठसा ओळखला नाही. तेव्हा ते पत्र बाबांना वाचून कोण दाखवणार? मीच. मलाच दाखवावं लागेल, दुसरं आहे कोण.

एका चुकीच्या अक्षरासाठी मी लोकांची पानंच्या पानं परत पाठवलीत. त्यांनी मला खडूस म्हटलं तर मला अभिमान वाटायचा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पंच कुठे आहेत ते बघायला मागच्या खोलीत गेले. खालच्या खणात, तेलकट कापडात, एक ते नऊ, ओळीने. सात बाहेर काढला. टोकाचा टवका उडालेला. तसं व्हायला नको होतं, पण मला त्याच्याबद्दल माया वाटली.

टेबलाजवळ ते स्टूल अजून आहे. त्यावर आता रंगाचे डबे असतात. मी डबे खाली ठेवले आणि का कोण जाणे, त्यावर चढले. पेटीवर २७ ठोकायच्या आधी बाबांनी काय ठोकलं होतं? फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. गोल होतं. त्याला भोकं होती. मी एकेकात करंगळी घालून मोजली होती आणि बाबा म्हणाले होते, अगं, तेल लागेल.

सहा भोकं.

जरा डावीकडे, असं मी म्हटलं होतं.

मी खाली उतरले आणि डबे परत स्टुलावर ठेवले. नऊ वर्षांची पोर होते मी, माझा काय दोष, हे मला कळतं. तरी सदतीस वर्षं मी ज्या वाक्यावर जगले ते ह्या चक्रीवर ठोकताना म्हटलेलं होतं.

बाबांचाही दोष नाही. तेव्हा गिऱ्हाइकं सर्रास म्हणायची, नंबर जुळवून द्या, नाहीतर काम अर्धवट वाटतं. दुरुस्तीचाच भाग होता तो. बाबांनी असे शेकडो नग हातावेगळे केले असतील. एकवीस वर्षांनी त्यातला एक पेटीतून परत आला आणि त्यांनी स्वतःचाच हात ओळखला नाही. इतका चांगला ठोकला होता.

मी तिथे होते हे बाबांना सांगायचं नाही. तेवढं तरी माझं मला राहू दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आठव्याचं कार्ड उलटून बघितलं. खाली पहिली सही बाबांची, ठाशीव. दुसऱ्या सहीची जागा कोरी. मला वाटायचं, तोवर काका नोकरी सोडून गेले असतील. पण त्याच आठवड्यातल्या पुढच्या तीन कार्डांवर काकांची सही आहे.

म्हणून आज काकांकडे गेले. कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान आहे त्यांचं, बाजारामागच्या गल्लीत. चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या. त्यांनी मान वर न करताच ओळखलं.

“काय गं सत्तावीस. केस पिकले की तुझे.”

पेटीवरच्या नंबरावरून ते मला लहानपणापासून हेच म्हणतात.

“तुमचे तर गेलेच.”

“गेले ते सुटले. बस. त्याने पाठवलं?”

“नाही. मीच आले.”

“वाटलंच. तो कशाला पाठवतोय.” त्यांनी चाक थांबवलं. “बोल.”

“आठव्याच्या कार्डावर तुमची सही का नाही?”

“पेन संपलं होतं.”

“सोळा वर्षं?”

त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग हात पुढे केला. “ती पेटी आहे का तुझ्याकडे अजून?”

दिली. त्यांनी अंगठा झाकणावरून फिरवला आणि सातपाशी थांबवला. “ह्या मोडक्या पायावरून किती चिडवायचो तुला. आठवतं? लंगडी सत्तावीस म्हणायचो, तू रडायचीस आणि तुझी आई मला बोलायची.”

“काका, तुम्ही बघितलं होतं.”

“न बघायला काय झालं? ज्या पायावरून वर्षानुवर्षं पोरीला चिडवलं तो पाय मला ओळखू येणार नाही?” पेटी माझ्या मांडीवर ठेवली. “मी आठवडाभर त्या कार्डावरची सही टाळली, मग त्याला सांगितलं. नीट, दार लावून, एकट्याला. म्हटलं, हा तुझाच हात आहे, बाबा रे. तर मला म्हणाला, तुला माझं बघवत नाही. एवढ्या वर्षांच्या जोडीदाराला! मी म्हटलं, ठीक. ज्या कागदावर विश्वास नाही त्यावर सही नाही. त्याने दार दाखवलं, मी निघालो.”

“या ना एकदा घरी.”

“त्याने बोलवलं तर येईन. तो बोलवायचा नाही. आणि मी काही घड्याळ नाही, तासाला तेच तेच सांगायला.” चाक परत सुरू झालं. त्या आवाजात त्यांनी विचारलं, “डोळे कसे आहेत त्याचे?”

“समोरचं दिसत नाही.”

“अरे देवा,” असं म्हणून ते बराच वेळ एकाच कात्रीला धार लावत राहिले.

म्हणजे बाबांना एकदा सांगून झालंय आणि पटलेलं नाही. आता मी सांगणार, आणि पुन्हा पटणार नाही. काकांनी निदान स्वतःचं दुकान काढलं. मी कुठे जाणार?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी, घरीच, खिडकीशी. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. मी सात नंबरचा पंच त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने टोक चाचपलं.

“बाबा, चक्रीवरचा सात ह्याचा आहे. आपल्या खणातला. नंबर कारखान्यात पडलेला नाही. आठवा...” पुढचं मला बोलवेना.

बाबा पंचावरून अंगठा फिरवत राहिले. मी रडायला लागले होते आणि ते त्यांना दिसू नये म्हणून त्यांच्या अगदी समोर सरकले.

“किती बघितले ताडून?”

“अकरा.”

“सगळे धड?”

“सगळे.”

“पेटीशी ताडलंस?”

“हो.”

“बरं,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा सांगायला लागले, तर म्हणाले, “अगं कळलं. जेवायला काय आहे?”

त्यांना धक्का बसला असावा. जेवताना दोनदा वाढून घेतलं, भाजीत मीठ बरोबर पडलंय म्हणाले, मग आडवे झाले आणि पाच वाजेपर्यंत गाढ झोपले. एरवी दुपारी त्यांचा डोळा लागत नाही. मी दोनदा जाऊन श्वास बघून आले. म्हाताऱ्या माणसांना मोठं दुःख झालं की अशी गुंगी येते, असं कुठेतरी वाचलंय. धाकटीला फोन केला, ती म्हणाली, तुला सांगितलं होतं ना.

संध्याकाळी उठून शीळ घालत होते. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी संचालक बाईंना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “मुखपृष्ठ छापून झालंय हो.” मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “छान दिसतो तो.”

मग त्यांनी फोन मागून घेतला आणि म्हणाले, “बाई, प्रकरण काढू नका. फक्त बदलतोय. सात प्रकार आणि एक दुरुस्ती. दुरुस्ती कशी ओळखायची तेही लिहितो, पंचाच्या फोटोसकट. त्याचा लोकांना जास्त उपयोग होईल.” बाईंनी नवं कार्ड आणि नवं प्रकरण गुरुवारी सकाळपर्यंत मागितलंय. दोन्ही सह्यांशिवाय छापणार नाही म्हणाल्या, कारण पुस्तकाच्या पहिल्याच पानावर बाबांनी दोन सह्यांच्या नियमाची फुशारकी मारलीय.

नवं कार्ड लिहायला बसलो. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. सांगाडा, पहिलं कंत्राट. चक्री, दुसरं कंत्राट, मागाहून बसवलेली. चक्रीवरचा नंबर कारखान्याबाहेर ठोकलेला. ठोकणारा, असं म्हणून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. परीक्षेच्या पेपरावर लिहितात तसं. मी लिहिलं. मग मी त्यांचं बोट योग्य जागी टेकवलं आणि त्यांनी पहिली सही केली. ती दोन ओळी चढून गेली.

“दुसरी मी करते,” मी म्हटलं. “मी स्वतः ताडून बघितलंय.”

“तुला नाही करता येणार.”

“का?”

“तू ठोकताना होतीस.”

मी पेन खाली ठेवलं. मी तिथे होते हे मी त्यांना सांगितलेलं नाही. काल रडता रडता बोलून गेले असेन.

“ज्याचा हात लागलाय त्याने पुन्हा बघून चालत नाही,” बाबा म्हणाले. “आणि डावीकडे म्हणालीस ते बरोबर होतं तेव्हा. केसभर डावीकडे होता.”

मी विचारलं, मग दुसरी सही कोणाची? बाबा खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे ते माझ्याकडेच बघत होते.  मग म्हणाले, “त्याला मी बोलावणार नाही. कुठल्या तोंडाने?”

आणि जरा थांबून, “धार लावतो म्हणे आता. आपल्या कात्र्या बोथट झाल्यात का गं?”

मी म्हटलं, कात्र्या चांगल्या आहेत. मला तेव्हा कात्र्यांचं सुचत नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काकांना पत्र लिहिलंय. दुकानात जाऊन बोलले तर ते चाक सुरू करतील आणि मला ऐकू येणार नाही. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तिसरं इथे उतरवून ठेवते. ते नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. त्यांना बाबांनीच बोलवायला हवंय, आणि बाबा बोलावणार नाहीत. दोघंही एकाच कानशीने घासलेले.

ती. कानसकाका,

हे पत्र बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही. सांगणारही नाहीत. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे तुम्ही पाकीट उलटून शोधत बसणार नाही.

आठव्याचं कार्ड नव्याने लिहिलंय. तुम्ही सोळा वर्षांपूर्वी दार लावून जे म्हणालात तेच त्यावर आहे, ठोकणाऱ्याच्या पूर्ण नावासकट. पहिली सही बाबांनी केलीय. ती वाकडी आहे, हसू नका. दुसरी मी करणार होते, पण बाबा म्हणाले, मला करता येत नाही, मी ठोकताना होते. आणि ते खरं आहे. तेव्हा ज्याने ते रिव्हॉल्व्हर स्वतः बघितलंय आणि ज्याचा हात त्याला लागलेला नाही, असा माणूस एकच उरतो.

बुधवारी दुपारी आम्ही दोघं संग्रहालयात, खिडकीच्या खोलीत असू. दुपारीच या, उजेड चांगला असतो. घरातल्या दोन कात्र्या धार लावायला म्हणून सोबत आणते आहे. त्या बोथट नाहीत, पण कोणी विचारलं तर तुम्ही त्यांच्यासाठी आलात असं सांगता येईल.

तुम्ही येणार नाही, हे धरूनच चाललेय. तरी पेन भरून ठेवते. काका, एवढी एक सही कराल?

तुमची,
सत्तावीस